आजोबांच्या मापाची करवत घडवायची आहे : पाते कुठले घ्यावे, दात कसे पाडावेत?

खानापूरचा_रंधा
नमस्कार. आमच्या आजोबांची करवत कानस मारून मारून इतकी झिजली आहे की टोकाशी पाते जेमतेम दोन बोटे उरले आहे. तिच्याच मापाची, म्हणजे १८ इंची, नवी करवत स्वतः घडवावी असे फार दिवस मनात आहे. पहिला प्रयत्न फसला. ट्रकच्या मोडीतला स्प्रिंगचा पाटा लोहाराकडून ठोकून पातळ करून घेतला आणि लालभडक असतानाच पाण्यात बुडवला. पाते तळलेल्या पापडासारखे वाकले आणि सरळ करायला हातोडी मारताच कडेपासून तडकले. पाते कोणत्या पोलादाचे घ्यावे, घरच्या घरी त्याला पाणी देता (म्हणजे तापवून, विझवून कडक करता) येईल का, आणि दात किती ठेवावेत, हे जाणकारांनी कृपया सांगावे. काम बहुतांशी वाळलेले सागवान उभे चिरण्याचे आहे.

उद्यमबाग_फिटर
पाट्याचे पोलाद वाईट नसते, पण तेवढा जाड पाटा हातोड्याने एक मिलिमीटरच्या आत आणि तोही सगळीकडे सारखा आणणे जवळपास अशक्य आहे. शिवाय अशा पोलादाला पाण्याचा झटका सोसत नाही, ते तेलात विझवतात. पातळ पत्रा एका बाजूने आधी थंड झाला की तेलातही वाकतोच. कारखान्यात अशी पट्टी ८०० अंशांच्या वर तापवून तेलात विझवतात आणि मग सुमारे ३०० अंशांवर पुन्हा तापवून तिचा ठिसूळपणा घालवतात. हा खटाटोप घरी करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

पाणी दिलेलीच पट्टी घ्या. सॉ मिलमध्ये बँड सॉचे बाद झालेले रुंद पाते मागितल्यास मिळते, आणि साधारण एक मिलिमीटरच्या आसपास जाडीचा तुकडा तुमच्या कामाला पुरेल. तो दोन्ही हातांनी कमानीसारखा वाकवून सोडा. पूर्ववत सरळ झाला आणि त्यावर कानस थोडी कुरकुरत का होईना चालली, तर तो तुमचा. ग्राइंडरने कापताना मात्र दर दोन-तीन बोटांनंतर पाण्यात बुडवा, कारण कड निळी पडून पुढे राखाडी झाली की तिथले पाणी उतरले म्हणून समजा.

हल्याळकर_मिस्त्री
पात्याबद्दल वरच्या उत्तराशी सहमत आहे, पण करवतीचा जीव दातांत असतो. (आमच्याकडचे कन्नड सुतार तिला गरगस म्हणतात, मला तर त्या शब्दातच कापण्याचा आवाज ऐकू येतो.)

आधी आजोबांच्या करवतीचे दात कोणत्या बाजूला झुकले आहेत ते पाहा. जमिनीवर बसून, लाकूड पायाने दाबून काम करणाऱ्या जुन्या सुतारांच्या करवती मी पाहिल्या आहेत. त्यांचे दात मुठीकडे वळलेले, म्हणजे ओढताना कापणारे होते. ओढताना पाते ताणले जाते, त्यामुळे ते पातळ असले तरी चालते. तुम्ही टेबलावर ढकलून काम करणार असाल, तर दात टोकाकडे करा.

सागवान उभे चिरायला इंचाला सहा दात पुरेत, म्हणजे दोन दातांत सुमारे ४.२ मिलिमीटर अंतर. कागदावर रेषा आखून तो पात्यावर चिकटवा, पाते दोन फळ्यांत दाबून व्हाइसमध्ये असे धरा की जेमतेम दातांपुरती कड वर राहील, नाहीतर ते थरथरते आणि कानस नुसती किंचाळते. तिधारी कानस पात्याला अगदी काटकोनात चालवा. उभ्या कापाचा दात म्हणजे एक बारीक पटाशीच. आडव्या कापासाठी हीच कानस वीस-पंचवीस अंश तिरपी धरावी लागते, म्हणजे दाताला सुरीसारखे टोक येते. प्रत्येक खाचेत सारखेच हात मारा, आणि शेवटी सपाट कानस सगळ्या दातांवरून एकदा फिरवून जे उंच असतील त्यांचे डोके चमकते का पाहा.

मग फाक, म्हणजे दात आलटून-पालटून बाजूला वाकवणे. एक दात डावीकडे, पुढचा उजवीकडे, आणि तोही फक्त वरचा तिसरा हिस्सा वाकवावा. बुडापासून वाकवला तर दात मोडतो. पात्याची जाडी ०.८ मिलिमीटर असेल, तर वाळलेल्या सागवानात १.१ ते १.२ मिलिमीटर रुंद चर पुरेसा होतो. ओल्या लाकडाला फाक जास्त लागते.

मूठ शिसवीची करा. तिचा सर्वांत बारीक भाग जिथे असेल, तिथे लाकडाच्या रेषा लांबीने जाऊ द्या, आडव्या आल्या तर पहिल्याच जोरात ती तिथे तुटेल.

खानापूरचा_रंधा
मनापासून आभार. बँड सॉचे पाते मिळाले, दात मुठीकडे ठेवले, इंचाला सहाच पाडले. करवत चालते, भुसाही चांगला पडतो, पण आखलेल्या रेषेवरून दर वेळी डावीकडे सरकते. माझा हात चुकतो की करवत?

हल्याळकर_मिस्त्री
दर वेळी एकाच बाजूला जात असेल, तर दोष करवतीचा. डाव्या बाजूच्या दातांना फाक जास्त झाली आहे, किंवा कानशीची बुरी (घासताना कडेला उरणारी धातूची बारीक कोर) त्या बाजूला उरली आहे. पाते आडवे ठेवून, डाव्या बाजूच्या दातांच्या कुशीवरून तेलाचा सपाट दगड एकदाच हलक्या हाताने फिरवा आणि कापून पाहा. गरज पडली तरच पुन्हा फिरवा, कारण काढलेली फाक परत द्यायला बसावे लागेल.

खानापूरचा_रंधा
दोनदा फिरवला. आता चौकटीच्या फळीवर हातभर काप रेषेवरच गेला.