पुटकुळ्या आणि डाग: आधी प्रकार ओळखा

ताई, लेकीच्या चेहऱ्यावरच्या पुटकुळ्या आणि डागांवर काय करावं, असं तुम्ही विचारलंय. त्यावर कुणीतरी डागांना लिंबू चोळायचा सल्ला दिलाय, तो कृपा करून ऐकू नका. आपल्या परभणीच्या उन्हात लिंबाच्या रसानं कातडी भाजते आणि डाग आणखी काळे पडतात.

नाकावरचे काळे ठिपके म्हणजे मळ नव्हे. छिद्रात तेल आणि मेलेल्या पेशी अडकतात, त्यातलं मेलॅनिन, म्हणजे कातडीला रंग देणारं द्रव्य, हवेनं काळं पडतं. घासून ते जात नाहीत. लाल फोड किंवा पिवळ्या तोंडाची पुटकुळी असेल तर फोडू देऊ नका. पण कातडीखाली खोल, टणक, ठणकणारी गाठ असेल तर घरी काहीच करत बसू नका, तिचा खड्डा कायमचा राहू शकतो. त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा, संभाजीनगरला घाटीत, म्हणजे तिथल्या सरकारी रुग्णालयातही दाखवता येईल.

पुटकुळी बसल्यावर उरलेला सपाट तपकिरी डाग हा कायमचा व्रण नसतो. तो बहुधा काही महिन्यांत फिकटतो, मात्र ऊन लागलं की रेंगाळतो. कॉलेजला जाताना ३० एसपीएफचं सनस्क्रीन आणि स्कार्फ, दोन्ही हवेत.

आणि मेडिकलवरून 'गोरं करणारी' ट्यूब विचारल्याशिवाय आणू नका. अशा कित्येक ट्यूबांत स्टेरॉइड असतं. आधी चेहरा उजळतो, बंद केली की पुरळ उसळून येतं.