मदत हवी आहे: जुनी जिप्सी लिफ्ट (उंच) करून घ्यावी का? (जांबोटी, ता. खानापूर)

नमस्कार मंडळी,

आमचं गाव जांबोटीच्या पलीकडे. बाबांची २००८ सालची जिप्सी किंग, केए-२२ पासिंग, आता मी चालवतो. पंधरा वर्षं झाल्यावर २०२३ मध्ये पासिंग वाढवून घेतलंय. इंजिन ठणठणीत, फोर बाय फोर लागतं, लो गिअरही लागतो. गाडी विकायची नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

घरापासून काजूच्या बागेपर्यंत तीनेक किलोमीटर लाल मातीची वाट आहे, मधे एक ओढा. उन्हाळ्यात काही त्रास नाही. मिरगाचा पाऊस झाला आणि शेताकडे ट्रॅक्टर फिरायला लागले की चाकोऱ्या इतक्या खोल होतात की मधला उंचवटा गाडीच्या पोटाला लागतो. गेल्या पावसात गाडी त्या उंचवट्यावर बसलीच. चाकं जागेवर फिरताहेत, गाडी तसूभर हलत नाही. मागे खताची दोन पोती, पुढे बाबा. शेजारचा ट्रॅक्टर येईपर्यंत तासभर बाबा भर पावसात गाडीत बसून होते. त्यांचे गुडघे गेलेत, त्यामुळे चिखलातून चालत घरी नेणंही शक्य नव्हतं. ते दृश्य काही डोळ्यांसमोरून जात नाही. यंदा पावसाच्या आधी काहीतरी करायचंच असं ठरवलंय.

गावातले मेस्त्री म्हणतात, चारी चाकांवर चार इंचांचे गट्टे (ठोकळे) टाकू, एका दिवसाचं काम. खानापुरात एकाने लांब शॅकल, म्हणजे स्प्रिंग चासीला अडकवणाऱ्या पट्ट्या, सुचवले. बेळगावात एका दुकानात विचारलं तर ते म्हणाले, पाटे (लोखंडी पट्ट्यांची स्प्रिंग), शॉकअप, सगळं किटच बदला. तिघांची तीन मतं. माझी तयारी चाळीसेक हजारांची आहे.

मला यातलं खरंच काही कळत नाही. बॉडी लिफ्ट आणि सस्पेन्शन लिफ्ट यात फरक काय? किती इंचांपर्यंत ठीक? आणि आरटीओत अडचण येते का? कुणी आपल्या भागात, चोर्ला किंवा नागरगाळीच्या बाजूला अशी गाडी चालवत असेल तर कृपया सविस्तर सांगा.

– काजूबाग

प्रतिसाद: लालमाती

काजूबाग, मी वीस वर्षं जिप्सी चालवतोय, कणकुंबीच्या पावसात. म्हणून जरा लांब लिहितो, चालवून घे.

सगळ्यात आधी गट्ट्यांचं. कृपा करून ते काम थांबव. मेस्त्रींचा हात ट्रकांवर बसलेला असणार. तिथे पाटे ॲक्सलच्या (दोन चाकांना जोडणाऱ्या दांड्याच्या) वर असतात, म्हणून मधे गट्टा घातला की गाडी उचलली जाते. जिप्सीत पाटे ॲक्सलच्या खालून गेलेत. तिथे मधे गट्टा घातलास तर गाडी उचलली जायच्या ऐवजी खाली बसेल! स्वतः वाकून बघ, लगेच लक्षात येईल. आणि गाडी कुठलीही असो, पुढच्या ॲक्सलला गट्टे कधीच घालायचे नाहीत. ब्रेक दाबला की ॲक्सलला पीळ पडतो, स्टिअरिंगचा ताणही तिथेच येतो. गट्टा सरकला तर गाडी हातात राहत नाही.

आता फरक. बॉडी लिफ्ट म्हणजे चासी आणि बॉडी यांच्यामध्ये ठोकळे. बॉडी वर जाते, चासी आणि तिच्याखालचं सगळं होतं तिथेच राहतं. मोठ्या टायरला मडगार्डमध्ये जागा मिळते, एवढाच त्याचा उपयोग. सस्पेन्शन लिफ्टमध्ये पाट्यांचा बाक वाढवतात किंवा लांब शॅकल लावतात, म्हणजे चासी वर जाते. पण ॲक्सल? तो चाकाच्या मध्यावर बसलेला आहे. चार इंच लिफ्ट कर नाहीतर सहा इंच, डिफरन्शियलचा (ॲक्सलमधल्या गिअरपेटीचा) गोळा जमिनीपासून जेवढ्या उंचीवर आहे तेवढ्याच राहणार. तो वर नेतो फक्त टायर.

म्हणून तुझा खरा प्रश्न वेगळाच आहे. गाडीचं नेमकं काय टेकतं? चासी, ट्रान्स्फर केस (फोर बाय फोरची गिअरपेटी), सायलेन्सर, की डिफरन्शियल? हे कळल्याशिवाय एक रुपयाही खर्च करू नकोस. उपाय सोपा आहे. गाडी खालून धुऊन वाळव, पोटाला सगळीकडे चुना फास, नेहमीचं ओझं भर आणि त्याच वाटेने एक फेरी मार. जिथला चुना पुसला जाईल तिथे दुखणं.

टायरचा हिशेब सांगतो. तुझ्याकडे २०५/७० आर १५ (रुंदी मिलिमीटरमध्ये, बाजूची उंची रुंदीच्या टक्क्यांत, रिम इंचांत) असतील, त्यांचा व्यास साधारण ६६८ मिलिमीटर. २१५/७५ आर १५ घेतलेस तर व्यास ७०३ च्या आसपास. निम्मा फरक खाली मिळतो, म्हणजे डिफरन्शियल जवळपास १८ मिलिमीटर वर. ऐकायला थोडं वाटतं, पण चिखलात बोटभर उंचीही कामाला येते. हे माप लिफ्टशिवाय बसतं. स्पीडोमीटर मात्र पाच टक्के कमी दाखवेल, काटा ६० वर असला की गाडी ६३ ने जात असते. २३५/७५ घेतलेस तर ३२ मिलिमीटर मिळतील, पण ते मडगार्डला घासतात, मग लिफ्ट आली, आणि लिफ्टच्या मागून बाकीचं सगळं आलं.

बाकीचं म्हणजे काय, तेही सांगतो, कारण हे कुणी आधी सांगत नाही. पुढचे शॅकल लांब केले की ॲक्सल थोडा फिरतो आणि कॅस्टरचा, म्हणजे चाक ज्या आसाभोवती वळतं तो मागे झुकल्याचा, कोन कमी होतो. मग वळण संपल्यावर स्टिअरिंग आपोआप सरळ येत नाही, हायवेवर गाडी भरकटते. त्यासाठी पाट्यात पाचर घालावी लागते. प्रोपेलर शाफ्टचा (ॲक्सलकडे ताकद नेणाऱ्या दांड्याचा) कोन वाढतो, त्याच्या सांध्यातले क्रॉस लवकर जातात, गाडी थरथरते. शॉकअप तोकडे पडतात. ब्रेकचे होज (रबरी नळ्या) ताणले जातात, आणि चाक खड्ड्यात लोंबकळलं की होज तुटायची भीती. मी एकदा स्वस्तात दोन इंच लांब शॅकल लावले होते. उंची मिळाली एकच इंच, शॅकलचा नियमच आहे, निम्मीच मिळते. वर महिन्याभरात पुढचा होज घासून दोऱ्या दिसायला लागल्या. चोर्ल्याच्या उतारावर तो सुटला असता तर आज हे लिहायला मी नसतो. सगळं काढून मूळचं बसवलं.

आरटीओचं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीने ठरवून दिलेल्या मूळ रचनेत नोंदणीशी न जुळणारा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाला दर बदलामागे पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. तुझं पासिंग २०२८ ला परत येणार, तेव्हा गाडी तपासणीला उभी करायचीय हे विसरू नकोस. टायरचं मापही आधी विचारून घे. आणि अपघात झाला तर विमावाल्यांच्या हातात नकाराला आयतं कारण मिळतं.

शेवटी बाबांचं. त्यांचे गुडघे गेलेत म्हणतोस. चार इंच उंच झालेल्या जिप्सीत ते चढणार कसे?

– लालमाती

प्रतिसाद: काजूबाग

दादा, तुमचा प्रतिसाद बाबांना मोठ्याने वाचून दाखवला. शेवटचं वाक्य ऐकून ते नुसते मान हलवत राहिले.

वाकून बघितलं. पाटे खरंच ॲक्सलच्या खाली आहेत. मेस्त्रींनाही बोलावून दाखवलं. त्यांनी मोकळ्या मनाने मान्य केलं आणि चुना फासायला स्वतः आले.

रविवारी दोन पोती भरून फेरी मारली. परवाच्या सरीने वाट ओलीच होती. घरी येऊन टॉर्च घेऊन गाडीखाली झोपलो. ट्रान्स्फर केसच्या आडव्या पट्टीवरचा चुना जसाच्या तसा. चासीवरचाही. पुसला होता तो पुढच्या डिफरन्शियलच्या गोळ्याखालचा आणि दोन्ही बाजूंच्या यू-बोल्टच्या (पाटा ॲक्सलला आवळणाऱ्या बोल्टच्या) पट्ट्यांखालचा. तिथे लोखंड नव्या नाण्यासारखं चमकत होतं. म्हणजे लिफ्ट करून त्या जागी काहीच फरक पडला नसता. चाळीस हजार असेच गेले असते.

आणखी एक सापडलं. मागच्या उजव्या बाजूचा दुसरा पाटा मधल्या बोल्टजवळ तडकलाय आणि मुख्य पाटा अगदी सपाट झालाय. तो वाकवून घ्यावा की नवा संच घ्यावा? आणि मागच्या हौसिंगचं (ॲक्सलच्या कवचाचं) ऑइल दुधाच्या चहासारखं निघालं, ते कशामुळे?

– काजूबाग

प्रतिसाद: लालमाती

तडकलेला पाटा वाकवायचा नाही, नवा संच घे, मूळ बाकाचा. जुना पाटा नुसता ठोकून बाक दिलेला असेल आणि नीट पाणी दिलेलं (तापवून विझवून कडक केलेलं) नसेल तर पावसाळा संपेपर्यंत परत बसतो. दोन्ही बाजू एकदम बदल, यू-बोल्ट आणि बुशही नवे घे, आणि पाचशे किलोमीटर झाल्यावर यू-बोल्ट परत आवळ.

दुधाळ ऑइल म्हणजे आत पाणी गेलंय. हौसिंगच्या वर एक छोटा ब्रीदर (हवा ये-जा करायचं तोंड) असतो, तो चिखलाने बंद झाला असणार. तापलेला ॲक्सल ओढ्याच्या गार पाण्यात गेला की आतली हवा आकसते, ब्रीदरमधून आत येता येत नाही म्हणून सीलमधून पाणी ओढून घेते. ऑइल बदल, ब्रीदर काढून रॉकेलने धू, आणि जमलं तर त्याला रबरी नळी जोडून ती बॉडीपर्यंत वर ने. पुढच्या हौसिंगचंही ऑइल बघ. हे काम टायरच्या आधी कर.

आणि वाटेचं काहीतरी कर. ट्रॅक्टरवाल्यांशी बोल, सगळे मिळून त्या खोल पट्ट्यात मुरूम आणि जांभ्याचे तुकडे टाका. तोपर्यंत एक चाक उंचवट्यावर आणि एक चाकोरीच्या बाहेर ठेवून चालव. चिखलाच्या तुकड्यापुरती टायरची हवा १८ पीएसआयपर्यंत उतरव आणि डांबरावर यायच्या आधी परत भर. पंप गाडीतच ठेव.

– लालमाती

प्रतिसाद: काजूबाग

पुढचं ऑइल स्वच्छ निघालं. मागचा ब्रीदर मातीने पूर्ण लिंपलेला होता, काडी घालून काढावा लागला. पाट्यांची ऑर्डर दिलीय. मुरमाच्या दोन ट्रॉल्या शुक्रवारी येणार आहेत, चार घरांनी मिळून. टायरचं आरटीओत विचारून इथेच कळवतो.

– काजूबाग