भांडणारा मित्र फायद्याचाच
मित्रपक्षानंच झोडपलं की मुख्यमंत्री कमजोर होतो, असं बरेच जण म्हणतात. मला उलटं वाटतं. २०१४ ते २०१९ शिवसेना सत्तेत बसून रोज भाजपवर तुटून पडायची. राजीनामे म्हणे खिशातच! २०१७ च्या कर्जमाफीच्या वेळी आमच्या परतवाड्याकडच्या पानठेल्यावर खर्रा घोटता घोटता एक काका म्हणाले, "सेना भांडून राहिली ना बाप्पा, मंग काँग्रेस कायले पाहिजे?" झालं, विरोधकांची जागाच भरली. ३४ हजार कोटींच्या कर्जमाफीची घोषणा शेवटी तेव्हाचे मुख्यमंत्री फडणवीस यांनीच केली. भांडणाऱ्याच्या पदरात काय पडतं, ते वेगळं. अचलपूरचे तेव्हाचे आमदार, प्रहार पक्षाचे बच्चू कडू महायुतीत राहून सरकारला सुनावत राहिले, मग बाहेर पडले, आणि २०२४ ला अचलपुरातच हरले.