बालवाडीतल्या मुलांसाठी पोळ्याला सोपं हस्तकाम सुचवा ना

३-४ वर्षांची २२ मुलं आहेत, कात्री देता येत नाही, भिंतीवर लावायला काहीतरी हवंय आणि खर्च कमी. काय करू?

उत्तर: भेंडीचे ठसे! जून भेंडी घ्या, कोवळी दबते. आडवी कापून फडक्याने पुसा, नाहीतर बुळबुळीतपणामुळे रंग पसरतो. ताटलीत ओला स्पंज ठेवून त्यावर पोस्टर कलर ओता आणि कार्डशीटच्या बैलावर झूल म्हणून ठसे मारू द्या, फार गोड दिसतं.

उत्तर: ताई, कणकेचे बैलपण करा, दोन वाट्या कणकेला एक वाटी मीठ. शिंगांना काड्या नको, टोचतात. आणि कोणी तोंडात घालत नाही ना तेवढं बघा.

भेंडीचं आजच केलं! एकाने स्वतःच्या तळहातावरच फुलं उमटवली आणि आई येईपर्यंत हात धुऊच दिला नाही. थँक्यू दोघींना.