मदत हवी आहे: डेंड्रोबियम ऑर्किड कुंडीत मावेना

सोलापूरला पूर्वेच्या गॅलरीत डेंड्रोबियम आहे. १० इंची मातीची कुंडी, त्यात कोळसा, विटांचे तुकडे आणि नारळाच्या शेंड्या. कांड्या (ऑर्किडचे उसासारखे उभे दांडे) मोजल्या तर २३ भरल्या, सर्वात उंच अडीच फूट. नव्या कांड्या कुंडीच्या काठाबाहेर फुटतात आणि मुळं हवेत लोंबतात. वारा आला की कुंडी कलंडते. दोनदा पडली, एकदा फुटलीसुद्धा.

आतापर्यंत कांड्यांना काठीचा आधार देऊन सुतळीने बांधलं. चार जुन्या, पानं गळालेल्या कांड्या मुळापासून कापल्या आणि पस्तावलो, कारण उरलेल्यांपैकी तशाच एका बिनपानी कांडीला नंतर फुलांचा दांडा आला! एका कांडीवर पिल्लू (छोटं नवं रोप) फुटलंय, त्याची मुळं बोटभर आहेत.

मोठी कुंडी नको, गॅलरी साडेतीन फूट रुंद आहे. दुपारी हिरवी जाळी ओढतो. पाणी बोअरचं, जड. नळाचं साठवून ठेवलेलं पुरवून पुरवून वापरतो. सध्या दोन कांड्यांवर फुलं आहेत आणि पुढे आपला एप्रिल-मे, चाळीस-बेचाळीस अंश ठरलेले.

दर तुकड्यात तीन-चार कांड्या ठेवून विभागणी करायची, एवढं माहीत आहे. वेळेचंच कळत नाही. फुलं उतरताच करू, की जूनमध्ये पाऊस सुरू होऊन नवे कोंब दिसेपर्यंत थांबू? आणि तुकडे न करता आटोपशीर ठेवायचं असेल, तर जुन्या कांड्यांपैकी कोणती कापायची हे सोलापूरसारख्या कोरड्या हवेत डेंड्रोबियम वाढवणारे कसं ठरवतात?