८६ डेसिबलचे स्पीकर, परवडणारा पॉवर ॲम्प: नवा क्लास-डी घ्यावा की जुना क्लास-एबी?

मंद्रसप्तक

माझ्याकडे बुकशेल्फ (फळीवर ठेवायचे छोटे) स्पीकर आहेत. संवेदनशीलता २.८३ व्होल्टला ८६ डेसिबल. मागच्या पट्टीवर ८ ओहम छापलंय, पण इम्पिडन्सच्या (विजेला होणाऱ्या विरोधाच्या) आलेखात १८० हर्ट्झच्या आसपास ४.६ ओहमपर्यंत उतरतात. बसायची जागा ३ मीटरवर. डॅकचं (डिजिटल संगीताचं ॲनालॉग सिग्नल करणाऱ्या पेटीचं) आउटपुट २ व्होल्ट आणि आवाज डॅकमध्येच कमी-जास्त होतो, मध्ये प्रीॲम्प नाही.

तीन पर्याय समोर आहेत. टीपीए३२५५ या क्लास-डी (वेगाने चालू-बंद होऊन काम करणाऱ्या, कमी तापणाऱ्या) चिपचा छोटा ॲम्प (सोबत ४८ व्होल्ट ५ अँपिअरचा अडॅप्टर), वीस-पंचवीस वर्षं जुना ट्रान्सफॉर्मरवाला पारंपरिक क्लास-एबी, किंवा पंख्याचा स्टेज ॲम्प. छोट्या ॲम्पच्या खोक्यावर चॅनलला ३०० वॅट लिहिलंय, जुन्यावर फक्त ६०. आकड्यांवर किती विश्वास ठेवायचा? आणि जुना घ्यायचाच झाला तर पैसे देण्याआधी काय काय तपासायचं?

क्रॉसओव्हर

आधी वॅटचं भूत उतरवू. २.८३ व्होल्ट ८ ओहमवर म्हणजे १ वॅट, तेव्हा १ वॅटला १ मीटरवर ८६ डेसिबल. मोकळ्या मैदानात ३ मीटरवर साडेनऊ डेसिबल घटले असते, पण खोलीत भिंती आवाज परत फेकतात म्हणून ६-७ धरा. दोन स्पीकरचे ३ मिळवा. म्हणजे तुमच्या कानाशी १ वॅटला ८२-८३ डेसिबल पोचतात, आणि ५० वॅटला त्यात १७ ची भर पडून ९९-१००. वॅट ५० चे १०० केले की मिळतात फक्त ३ डेसिबल.

५० वॅट म्हणजे ८ ओहमवर २० व्होल्ट आरएमएस, शिखर २८.३ व्होल्ट. तेच शिखर ४.६ ओहमवर पडलं की करंट ६ अँपिअरच्या पुढे जातो. म्हणून खोक्यावर पहिल्यांदा ४ ओहमचा आकडा शोधा. तो दिलेलाच नसेल तर पुढे वाचायची गरज नाही.

आता ते ३०० वॅट. टीपीए३२५५ चा ३१५ वॅटचा आकडा खरा आहे, पण ४ ओहमला आणि १० टक्के विकृतीवर. १ टक्क्यावर तो २६० च्या घरात येतो. तुमचा अडॅप्टर ४८ गुणिले ५, म्हणजे २४० वॅट, आणि तोही दोन्ही चॅनलला मिळून. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? तरी संगीताची सरासरी पातळी शिखरापेक्षा बरीच खाली असते, त्यामुळे तुमच्या कामाला हा अडॅप्टर पुरतो.

या चिपची खरी मेख आउटपुट फिल्टरमध्ये (वेगवान स्विचिंग गाळणाऱ्या कॉइल-कपॅसिटरच्या जोडीत) आहे. बऱ्याच स्वस्त बोर्डांत फीडबॅक (चूक सुधारायला आउटपुटवरून परत नेलेला सिग्नल) फिल्टरच्या आधीच घेतलेला असतो, त्यामुळे स्पीकरचा इम्पिडन्स बदलला की ट्रेबल बदलतो. उदाहरणार्थ प्रत्येक बाजूला १० मायक्रोहेन्रीची कॉइल आणि १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असेल तर ४ ओहमच्या लोडवर २० किलोहर्ट्झला साधारण अर्धा डेसिबल घट येते आणि ८ ओहमवर ०.९ डेसिबल वाढ. १० किलोहर्ट्झला या दोन लोडमधला फरक जेमतेम ०.३ डेसिबलचा. फार मोठी गोष्ट नाही, पण ट्वीटरचा (उंच स्वरांच्या छोट्या स्पीकरचा) इम्पिडन्स वर चढत गेला तर ही वाढ आणखी होते, आणि 'क्लास-डी टोचतो' या तक्रारीमागे पुष्कळदा हेच कारण असतं. वर्णनात पीएफएफबी, म्हणजे फिल्टरनंतरचा फीडबॅक, लिहिला असेल तर तोच बोर्ड घ्या.

सिरीज_बल्ब

जुन्या ॲम्पबद्दल. सोबत मल्टिमीटर, इनपुट शॉर्ट करायचे दोन आरसीए प्लग आणि एक सिरीज बल्ब (मेन्सच्या तारेत मध्येच जोडायचा) न्या. बल्ब फिलामेंटचाच हवा, ६० ते १०० वॅटचा. एलईडीचा इथे उपयोग नाही.

प्लग काढून झाकण उघडा. कपॅसिटरला हात लावण्याआधी चार्ज उतरवा: १०,००० मायक्रोफॅरड ५० व्होल्टला म्हणजे साडेबारा ज्यूल. ४७० ओहम १० वॅटचा रेझिस्टर अर्धा मिनिट लावून ठेवा आणि मग मीटरने खात्री करा. स्क्रू-ड्रायव्हरने ठिणगी पाडणं ही हुशारी नव्हे. मग नजर फिरवा. फुगलेली कपॅसिटरची डोकी दिसतातच, पण त्यांच्या बुडाशी चॉकलेटी पडलेला जुना गोंदही बघा. तो कालांतराने वीज वाहून नेतो आणि शेजारच्या तारा खातो. डाव्या-उजव्या आउटपुट ट्रान्झिस्टरवरचे छाप वेगळे असतील तर एक बाजू आधी उडालेली आहे असं समजा.

स्पीकर न जोडता, सिरीज बल्बमधून सुरू करा. बल्ब क्षणभर लख्ख पेटून मंद व्हायला हवा, कारण सुरुवातीला कपॅसिटर भरतात. पेटलेलाच राहिला तर आत शॉर्ट आहे, तिथेच थांबा. मंद झाला तर बल्ब काढून थेट मेन्सवर लावा आणि २० मिनिटं तापू द्या. इनपुट शॉर्ट करून स्पीकर टर्मिनलवर डीसी मोजा. ३० मिलिव्होल्टच्या आत असेल तर छान, ५० पर्यंत चालतं, १०० च्या वर कारण शोधल्याशिवाय घेऊ नका. १०० मिलिव्होल्टने स्पीकर जळत नाही, ६ ओहमवर ते दोन मिलिवॅटही होत नाहीत. पण आकडा गरम होता होता सरकत असेल, किंवा पेनाच्या टोकाने बोर्ड ठोकल्यावर उडत असेल, तर ड्राय सोल्डर (सुटत आलेला सांधा) किंवा गंजका प्रीसेट (बोर्डवरचा फिरवून जुळवायचा छोटा रेझिस्टर) आहे.

बायस (सिग्नल नसतानाही आउटपुट ट्रान्झिस्टरमधून वाहणारा करंट) एमिटर रेझिस्टरवर मोजतात, सहसा तो ०.२२ ते ०.३३ ओहमचा असतो. ०.२२ वर २६ मिलिव्होल्ट म्हणजे सुमारे ११८ मिलिअँपिअर. खरा आकडा त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलचा. मॅन्युअल हाताशी नसेल तर दोन्ही चॅनल सारखे आहेत का एवढंच बघा. आणि जुना प्रीसेट ॲम्प चालू असताना फिरवू नका. घाणीमुळे त्याचा मधला पाय क्षणभर सुटला, तर काही सर्किटांत बायस एकदम वर जातो आणि ट्रान्झिस्टर तुमच्या आधी निर्णय घेतात. (क्वाड ४०५ या जुन्या ॲम्पला ही भानगड नाही. १९७५ च्या त्या करंट डम्पिंग डिझाइनमध्ये बायसचा प्रीसेटच नाही.)

शेवटी रिले, म्हणजे स्पीकरला ॲम्पशी जोडणारा विजेवर चालणारा स्विच. अगदी हळू आवाजात एक चॅनल फाटका किंवा गायब, आणि आवाज वाढवला की परत हजर: हा रिलेच्या काळवंडलेल्या संपर्कांचा रोग. पॉलिश पेपरने घासू नका, वरचा मुलामा निघून जातो आणि थोड्याच दिवसांत पुन्हा तेच. त्याच कॉइल व्होल्टेजचा आणि तेवढ्याच करंटचा नवा रिले लावा. विकणाऱ्याने मोठ्या आवाजात ऐकवलं तर हा दोष दिसणारच नाही, म्हणून हळूच लावायला सांगा.

फ्युजवायर

स्टेज ॲम्प इतक्या सहज बाद करू नका. क्राउनच्या एक्सएलएस ड्राइव्हकोर मालिकेत इनपुट सेन्सिटिव्हिटी (पूर्ण ताकदीला लागणारं इनपुट व्होल्टेज) ०.७७५ किंवा १.४ व्होल्ट अशी निवडता येते, तुमच्या २ व्होल्टच्या डॅकला १.४ वालं बरं. अडचण पंख्याची. पंखा आवाज करतो म्हणून मंद पंखा बसवणारे खूप आहेत. पण वाऱ्याची मात्रा न जुळवता तो बदलला की हीटसिंक तापून संरक्षण वेळेआधी लागतं. शांत खोलीत ३ मीटरवर पंखा ऐकू येत असेल तर तो ॲम्प तुमच्यासाठी नाही, पंखा बदलू नका.

खरं तर तुमच्या साखळीत वॅटपेक्षा गेन (ॲम्प सिग्नल किती पट वाढवतो ते) जास्त महत्त्वाचा. २ व्होल्टचे २० करायला १० पट, म्हणजे २० डेसिबल पुरतात. बाजारातले पुष्कळ ॲम्प २६ ते २९ देतात, आणि क्वाड ४०५ अर्ध्या व्होल्टला १०० वॅट देतो, म्हणजे ३५ डेसिबल. डॅकचा नॉइज १० मायक्रोव्होल्ट धरला तर २० डेसिबलवर स्पीकरपाशी १०० मायक्रोव्होल्ट पोचतात, ३५ वर सुमारे ५६०. तुमच्या स्पीकरवर पहिला ऐकूच येणार नाही. दुसऱ्याची सूंसूं ट्वीटरला कान लावला की ऐकू येईल. आवाज डॅकमध्ये डिजिटल पद्धतीने कमी केला तरी ही सूंसूं कमी होत नाही, जागच्या जागी राहते.

यावर स्वस्त उपाय: ॲम्पच्या इनपुटला ४.७ किलोओहमचा रेझिस्टर सिरीजमध्ये आणि त्यानंतर २.२ किलोओहमचा ग्राउंडला. २० किलोओहम इनपुटच्या ॲम्पवर सुमारे साडेदहा डेसिबल उतरतात. जोडणी केबलच्या ॲम्पकडच्या टोकाला करा, डॅककडे केली तर केबलमध्ये शिरणारा हम (मेन्सची घूंघूं) कमी होत नाही. रेझिस्टर मेटल फिल्मचे, १ टक्का, पाव वॅट.

मंद्रसप्तक

गेनचा मुद्दा डोक्यातच नव्हता. फिल्टरनंतर फीडबॅक असलेला छोटा ॲम्प घेईन असं वाटतंय. एक राहिलं: सबवूफरला (खर्जाच्या वेगळ्या स्पीकरला) फक्त हाय-लेव्हल इनपुट आहे, स्पीकरच्या तारांवरून घ्यायचं. चालेल ना? आणि ५ मीटरला कुठली तार?

क्रॉसओव्हर

तारेचं सोपं आहे. ५ मीटर म्हणजे जाऊन-येऊन १०. तांब्याची १.५ चौरस मिलिमीटर तार ०.११५ ओहम देते, २.५ ची ०.०७. स्पीकर ४.६ पर्यंत उतरतात, म्हणून २.५ घ्या.

सबवूफरचं मात्र तसंच जोडू नका. या चिपचं आउटपुट ब्रिज पद्धतीचं असतं, काळं टर्मिनल ग्राउंड नव्हे, त्यावरही पुरवठ्याच्या निम्मं व्होल्टेज आणि सिग्नल असतो. सबवूफरच्या हाय-लेव्हल इनपुटचं ऋण टोक आतून ग्राउंडला बांधलेलं असेल आणि डॅकच्या किंवा अर्थच्या वाटेने दोन्हींचं ग्राउंड एक झालं, तर ॲम्पची एक बाजू सरळ शॉर्ट होते. दोन्ही चॅनलचे काळे एकत्र करणारी स्विच पेटी किंवा हेडफोन ॲडॉप्टर, ऑसिलोस्कोपची ग्राउंड क्लिप, यांनाही तोच नियम. सबवूफर बंद आणि सगळ्या तारा काढून, त्याच्या हाय-लेव्हलचं ऋण टोक आणि चेसिस यांत ओहम मोजा. शून्याजवळ असेल तर ॲम्पच्या आउटपुटवरून घेणं सोडा. आणि मोजणी मोकळी दाखवत असली तरी डिफरन्शिअल इनपुट (ग्राउंडशी न बांधता दोन टोकांतला फरकच घेणारा) असल्याचं सबवूफरच्या मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलेलं असेल तेव्हाच जोडा.

सिरीज_बल्ब

+१. जुन्या एबीमध्ये काळं टर्मिनल बहुतेकदा ग्राउंडच असतं, म्हणजे या एका सबवूफरपायी निवड बदलू शकते. घ्यायच्या आधी त्या ॲम्पचं काळं टर्मिनल आणि चेसिस यांतही ओहम मोजून बघा.