परागंदा कलावंतांना आसरा पुरे, की काम हवं?

पडद्यामागे (धागाकर्ता):
देश सोडावा लागलेल्या लेखक-कलावंतांसाठी सांस्कृतिक संस्था जी मदत करतात तिचा साचा ठरून गेला आहे. राहायला घर, दरमहा मानधन आणि ठराविक मुदत. नॉर्वेतल्या स्टाव्हांगरहून चालणारं आयकॉर्न हे आश्रयदात्या शहरांचं जाळं २००६ पासून हेच करतं. मुक्काम साधारण २ वर्षांचा. यात जीव वाचतात, त्याचं मोल कमी नाही. पण २ वर्षांत माणूस नवी भाषा जेमतेम बोलू लागतो, तेवढ्यात निघायची वेळ येते. त्याचे वाचक, प्रकाशक, साथीदार सगळे मागेच राहिलेले असतात. माझं मत, संस्थांनी मुदत वाढवावी आणि घरापेक्षा कामावर जास्त खर्च करावा. चांगला मोबदला दिलेले अनुवादक, मूळ भाषेतच पुस्तक छापायची सोय, तालमीला जागा. आणि परिसंवादात आपबीती सांगायला बोलावण्याऐवजी मोबदला ठरवून नव्या कलाकृतीची रीतसर मागणी.

सरळरेषा:
पूर्ण असहमत. १९४०-४१ मध्ये फ्रान्समधल्या मार्सेयला अमेरिकी पत्रकार व्हेरियन फ्राय यांनी नाझींच्या तावडीतून सुमारे २००० माणसं बाहेर काढायला मदत केली. त्यांत चित्रकार मार्क शागाल होते, माक्स एर्न्स्ट होते, विचारवंत हाना आरेंट होत्या. त्या घडीला प्रश्न एकच होता, व्हिसा मिळतो की नाही. आजही संस्थेच्या हातातली सर्वात मोठी गोष्ट म्हणजे तिचं निमंत्रणपत्र आणि व्हिसाच्या अर्जामागे उभं राहणं. शिवाय आश्रयाचा अर्ज प्रलंबित असताना बऱ्याच देशांत काम करायची परवानगीच नसते. मग तुम्ही रीतसर मागणी केलीत तरी पैसे कसे देणार?

पडद्यामागे:
परवानगीचा मुद्दा रास्त आहे. म्हणूनच संस्थांनी वकिलाचा खर्च उचलायला हवा, तो माझ्या यादीत राहून गेला. पण त्याच काळातलं पुढचं पान पाहा. हाइनरिश मान आणि आल्फ्रेड ड्योब्लिन या परागंदा जर्मन लेखकांना हॉलिवुडच्या स्टुडिओंनी वर्षभराची कंत्राटं दिली, आठवड्याला १०० डॉलर. त्यामुळे अमेरिकेत पाय ठेवता आला. वर्ष संपलं, कंत्राटं संपली. मान यांच्यासारखा मोठा कादंबरीकार भावाच्या मदतीवर दिवस काढत राहिला. जर्मन वाचक तुटला होता आणि इंग्रजी वाचक जोडून द्यायला कुणी पुढे आलं नाही. अशा माणसाला आपण वाचवलं असं म्हणायचं का?

सरळरेषा:
हो, म्हणायचं. जिवंत राहिले म्हणूनच ड्योब्लिन १९४५ मध्ये परतू शकले.

झांज:
तुम्ही दोघेही एकेकट्या लेखकाचाच विचार करताय. संगीत आणि नाटक एकट्याने होत नाही. ल्हामो हे तिबेटी संगीतनाट्य घ्या. १९५९ मध्ये तिबेटबाहेर पडलेल्यांनी संस्थाच उभी केली, ती आज धरमशालेत आहे. तिथे तयार झालेले शिक्षक वसाहतींमधल्या शाळांत शिकवायला जातात, म्हणून तिबेट कधीही न पाहिलेली मुलं आज ल्हामो करतात. २०२१ मध्ये तालिबान परतल्यावर अफगाणिस्तानच्या राष्ट्रीय संगीत संस्थेचे विद्यार्थी आणि शिक्षक पोर्तुगालला गेले तेही एकत्र. रबाब वाजवणाऱ्याला तबलजी सोबत मिळाला, हे कुठल्याही शिष्यवृत्तीपेक्षा मोठं आहे. मदत करायची तर समूहाला करा.

उत्तररात्र:
एक गोष्ट कुणीच बोललं नाही. संस्थांना फलकावर नाव आणि छायाचित्र हवं असतं, आणि त्याची किंमत मायदेशी राहिलेले आईवडील मोजतात. कलावंताने लेखी होकार दिल्याशिवाय काहीही जाहीर करू नये, आणि नकार दिला म्हणून मदत थांबवू नये.

सरळरेषा:
उत्तररात्र, शंभर टक्के सहमत. झांज, समूह बरोबर निघाला तर ठीक. एकटीच सुटून आलेली कवयित्री कुठला समूह आणणार? आणि पडद्यामागे, पैसा तेवढाच आहे. २ वर्षांची मुदत ४ केलीत तर निम्म्याच लोकांना जागा मिळेल. उरलेल्यांना नकार कोण कळवणार?

पडद्यामागे:
हे ओझं मला मान्य आहे, आणि तरी मी मुदत वाढवावी असंच म्हणेन. मात्र सगळा भार आश्रय देणाऱ्यांवरच का? ज्या प्रकाशनसंस्थेला, नाट्यगृहाला किंवा संग्रहालयाला कुणाला घर देणं जमत नाही, तिला वर्षाकाठी एक अनुवाद, एक प्रयोग, एक चित्रखरेदी नक्की जमते. पैसे इतर कलावंतांना देतात तेवढेच.

सरळरेषा:
ते जरूर करावं. पण आश्रयाच्या निधीतला एक रुपयाही तिकडे वळवायला माझा विरोध कायम आहे.